‘टेन्शन’ सोडून दुसरा शब्द सांगा! (भावनांचे इंग्रजी शब्द, मदत हवी आहे)

पाणवठा
१४ जुलै, रात्री ११:१२

मंडळी, कुठल्या विभागात टाकावं कळेना म्हणून इथेच टाकतोय. ॲडमिनना वाटलं तर हलवावं.

मी चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वय ४७. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा. गेले दोन-तीन महिने घरी माझी चिडचिड फार वाढलीय. एका रात्री ‘भाजीत मीठ किती घातलंय!’ म्हणून ताट सरकवून उठलो. मुलगी अकरावीत आहे. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तुमच्या कंपनीत फोनवर काउन्सेलर असतात ना?” पोरीने असं म्हटल्यावर काय करणार, लावला फोन.

बाई दक्षिणेकडच्या. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, त्यामुळे सगळं इंग्रजीत. पहिलाच प्रश्न, “हाऊ आर यू फीलिंग?” मी म्हणालो, “टेन्शन.” त्या म्हणाल्या, “टेन्शन मीन्स?” मी म्हणालो, “मच टेन्शन.” हसू नका. त्याच्या पुढे माझ्याकडे खरंच काही नव्हतं.

मग त्यांनी एक कागद पाठवला. गोल चक्र. मधोमध सहा शब्द : सॅड, मॅड, स्केअर्ड, जॉयफुल, पॉवरफुल, पीसफुल. बाहेरच्या कड्यांत पन्नासेक शब्द तरी असतील. रोज झोपताना त्यातला एक निवडायचा. मी चार दिवस ‘टायर्ड’वर खूण केली, कारण त्या यादीत तेवढाच नक्की कळला. बाकीचे डिक्शनरीत पाहिले तर रुष्ट, क्षुब्ध, व्यथित, उद्विग्न. आमच्या घरात आजवर कोणी क्षुब्ध झालेलं नाही.

तर यातल्या कुठल्या शब्दांत खरोखर फरक आहे आणि कुठले नुसते एकमेकांचे मावसभाऊ, हे कोणी साध्या मराठीत सांगेल का? आणि शब्द कळल्याने चिडचिड कमी होते का, हाही माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

---

ढवळाढवळ
१४ जुलै, रात्री ११:३१

बायकोला विचारा. तुम्हाला काय वाटतंय हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं.

---

शब्दवेल्हाळ
१५ जुलै, सकाळी ७:०५

पाणवठा, ‘मच टेन्शन’ वाचून हसले, माफ करा. सांगलीत २२ वर्षं इंग्रजी शिकवतेय, त्यामुळे मला चूक दिसली की हात शिवशिवतात.

पहिलं घ्या ‘अपसेट’. हा शब्द टाळा. आधीचा अर्थ पालथं होणं, नाव उलटते तसं. आता राग, दुःख, काळजी, पोट बिघडणं, काहीही त्यात मावतं. म्हणजे तुमच्या टेन्शनचाच इंग्रज भाऊ. त्यापेक्षा स्वतःला विचारा : मी ‘हर्ट’ आहे का ‘डिसअपॉइंटेड’? हर्ट म्हणजे कोणाच्या तरी वागण्याने लागलं. डिसअपॉइंटेड म्हणजे हिरमोड, अपेक्षा होती ती फसली. त्यात कोणी दुष्टपणा केलेला असायलाच हवा असं नाही. पाऊस पडून मॅच रद्द झाली तर आपण डिसअपॉइंटेड होतो, हर्ट होत नाही.

रागाची चढण अशी : ‘ॲनॉइड’ म्हणजे कुरकुर, ‘इरिटेटेड’ म्हणजे कातावलेला, ‘अँग्री’ म्हणजे सरळ राग, ‘फ्युरिअस’ म्हणजे तळपायाची आग मस्तकात. ‘फ्रस्ट्रेटेड’ या चढणीवरचा नाही, तो बाजूचा रस्ता. काहीतरी करायचंय आणि कोणीतरी किंवा काहीतरी आडवं येतंय, तो वैताग. आपली पोरं ‘फ्रस्ट्रेट झालोय’ हे ‘कंटाळलोय’ या अर्थी म्हणतात ते चूक. वाट अडलेली नसेल तर फ्रस्ट्रेशन नाही.

‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’चा गोंधळ तर इंग्रजांच्याही घरात आहे. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही याचा हेवा ती एन्व्ही. आपल्याकडे आहे ते दुसरा नेईल ही धाकधूक ती जेलसी. शेजाऱ्याने गाडी घेतली तर एन्व्ही. नवरा शेजारणीशी जरा जास्तच हसून बोलला तर जेलसी.

आणि कृपा करून ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणू नका. दरवर्षी किमान दहा मुलं मला असं सांगतात. ज्याला वाटतं तो ‘बोअर्ड’, ज्याच्यामुळे वाटतं तो ‘बोअरिंग’. फ्रस्ट्रेटेड-फ्रस्ट्रेटिंग, एम्बॅरस्ड-एम्बॅरसिंग सगळीकडे हाच नियम.

---

जुनाखोड
१५ जुलै, सकाळी ९:४८

सगळे चोचले. आमच्या आजीने नऊ बाळंतपणं काढली, दोन दुष्काळ बघितले, तिला कोणी चक्र पाठवलं नव्हतं. तिला या भावनांना शब्दच नव्हते, म्हणून ती कामाला लागली. हल्ली जो तो स्वतःची नाडी धरून बसलेला.

---

कोयनाकाठ
१५ जुलै, सकाळी १०:२०

जुनाखोड काका, आजीला शब्द नव्हते? माझी आजी पाटणजवळच्या खेड्यातली, निरक्षर. तिच्या तोंडचे सांगते.

बैल विकला त्या रात्री तिला ‘चुटपुट’ लागली होती. मामा मुंबईहून वेळेत पोचला नाही तर ‘घोर’. लेक सासरी गेली की ‘हुरहूर’. माहेरचं लग्न चुकलं त्याची ‘रुखरुख’ मरेपर्यंत. जावेने केलेला अपमान हा ‘सल’. दीर वारला तेव्हा तिने ‘धसका’ घेतला. शेजारच्या सुनेचे हाल बघून ‘आतडं तुटायचं’. पाहुण्यांसमोर पातेलं करपलं तेव्हा ‘ओशाळली’. आणि आजोबा उशिरा का होईना घरी आले की ‘जीव भांड्यात पडायचा’.

तुमच्या टेन्शनमध्ये हे सगळं कोंबलंय. शब्द तिच्याकडेच होते, आपण ते विकून चार इंग्रजी शब्द घेतले : टेन्शन, डिप्रेशन, फ्रस्ट्रेशन आणि मूड ऑफ. सौदा वाईट झाला.

---

जुनाखोड
१५ जुलै, सकाळी १०:४१

चुटपुट आमची आजीही म्हणायची, हे मान्य.

---

निरुक्त
१५ जुलै, दुपारी १:१५

धागा छान. व्युत्पत्तीचा किडा असल्याने थोडं अवांतर.

‘इमोशन’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून सोळाव्या शतकात आला तेव्हा त्याचा अर्थ होता खळबळ, लोकांतला गडबड-गोंधळ. मनातलं जे काही ते सगळं या एका शब्दाखाली आणण्याचं मोठं श्रेय थॉमस ब्राउन या स्कॉटिश प्राध्यापकाला देतात. त्याची व्याख्यानं १८२० मध्ये छापली गेली. त्याआधी ‘पॅशन’ वेगळं, ‘अफेक्शन’ वेगळं, ‘सेंटिमेंट’ वेगळं. म्हणजे एकाच पोत्यात सगळं भरायची खोड फक्त आपली नाही.

‘सॅड’चा जुना अर्थ पोट भरलेला, तृप्त. तृप्त, मग जड, मग गंभीर, मग दुःखी, अशी घसरण. ‘वरी’चा मूळ अर्थ गळा आवळणं, कुत्रं मेंढीचा गळा धरून हिसडतं त्याला इंग्रजीत आजही ‘वरी’च म्हणतात. ‘ॲन्झायटी’ही लॅटिनमधल्या आवळण्याच्या धातूवरून, आणि हृदयविकारातला ‘अंजायना’ही त्याच कुळातला. आपल्या वेदांतला ‘अंहस्’ म्हणजे संकट, कोंडी, हाही याच घराण्यातला दूरचा भाऊ. मराठी माणूस ‘जीव घुसमटतोय’ म्हणतो तेव्हा तो ॲन्झायटीचं अक्षरशः भाषांतर करत असतो, त्याला पत्ता नसतो इतकंच.

आणि आपली गंमत बघा. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, ओढ, प्रेम. अनुरागातला राग तोच. मराठीत तो थेट संताप झाला. उलट संस्कृतातला हावरट ‘लोभ’ आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ म्हणून हात जोडून उभा. भावनांचे शब्द असे घर बदलत असतात. त्यामुळे चक्रावरचे पन्नास शब्द म्हणजे काही मूलद्रव्यांचा तक्ता नव्हे.

---

मनमोकळी
१५ जुलै, रात्री ९:३०

मी समुपदेशक आहे, ठाण्यात काम करते. पाणवठा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : शब्द सापडल्याने फरक पडतो का? थोडा पडतो, आणि तो मोजलेलाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. काही वेळा त्या चेहऱ्यावरच्या भावनेचं नाव निवडायचं, काही वेळा त्या माणसाला शोभेल असं व्यक्तिनाम. भावनेचं नाव निवडताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोका दिसला की घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल कमी झाली. जादू नाही. घंटा बंद होत नाही, आवाज उतरतो.

पण शब्द नेमका हवा. लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ याला भावनांचा बारीकपणा म्हणतात. सगळं ‘वाईट वाटतंय’मध्ये ढकललं तर पुढे काय करायचं ते कळत नाही.

मला रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडतात त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या जोड्या. त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात बऱ्यापैकी रुजली आहे. ते म्हणतात, त्रासदायक भावना दोन जातींच्या. ‘कन्सर्न’ आणि ‘ॲन्झायटी’. ‘सॅडनेस’ आणि ‘डिप्रेशन’. ‘रिमोर्स’ आणि ‘गिल्ट’. पहिली कामाला लावते, दुसरी बसवून ठेवते. फरक तीव्रतेचा नाही, मागच्या विचाराचा आहे. मराठीत कन्सर्नला अगदी फिट्ट शब्द आहे : काळजी. आपल्याला काळजी वाटते आणि आपण काळजी घेतोही. एकाच शब्दात भावना आणि कृती दोन्ही. ॲन्झायटी म्हणजे घोर. घोर घेता येत नाही, तो लागतो.

आणि दुसऱ्या जातीच्या भावनेमागे एलिसना जी हटवादी मागणी दिसली, इंग्रजीतला ‘मस्ट’, ती आपल्याकडे एका अक्षरात मावते : च. ‘मुलाने अभ्यास करावा’ ही इच्छा. ‘मुलाने अभ्यास केलाच पाहिजे’ इथे रक्तदाब सुरू. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आठवडाभर आपले ‘च’ मोजायला सांगते.

एक विनंती. भावनांचे शब्द आणि आजारांचे शब्द मिसळू नका. रविवारी संध्याकाळी ‘डिप्रेशन आलंय’ असं नसतं. आजार म्हणायला जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ, किमान दोन आठवडे उदासी किंवा कशातच रस नसणं, शिवाय झोप-भूक-शक्ती यांतले बदल असं बघावं लागतं. तसंच ‘गॅसलाइटिंग’. १९३८ च्या एका इंग्रजी नाटकात नवऱ्याच्या चोरट्या उद्योगांमुळे घरातले गॅसचे दिवे मंद होतात, आणि तो बायकोला पटवत राहतो की तिचंच डोकं फिरतंय. तिथून आलेला शब्द. म्हणजे समोरच्याचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडावा असं पद्धतशीर वागणं. नवरा ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणाला की ते गॅसलाइटिंग नव्हे. बहुतेक वेळा तो विसरलेला असतो.

कोणाला खरंच जड जात असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं.

---

ढवळाढवळ
१५ जुलै, रात्री ९:५२

मी आज सकाळपासून ११ ‘च’ मोजले. त्यातले ४ ‘चहा’तले निघाले.

---

पिल्लूचीआई
१६ जुलै, सकाळी ८:१०

आमच्याकडे उलटी परिस्थिती. मुलगी साडेपाच वर्षांची. शाळेत ‘फीलिंग्ज चार्ट’ आहे, रोज सकाळी आपल्या नावाची चिमटी एका चेहऱ्यावर लावायची. काल दुधीची भाजी पुढ्यात ठेवली तर चमचा खाली ठेवून म्हणते, “आई, आय ॲम फीलिंग ओव्हरव्हेल्म्ड.” मी म्हटलं, हो का? आणि पोळी-जॅम दिला तर? “देन आय विल फील काम.”

शब्द कळला की माणूस तो वापरणार. कशासाठी ते आपण बघायचं.

---

सातासमुद्र
१६ जुलै, सकाळी ८:५५ (आमच्याकडे रात्र)

न्यू जर्सीत १९ वर्षं. बायको इथलीच, अमेरिकन. मध्यंतरी आमचं जवळजवळ मोडलं होतं, तेव्हा वर्षभर दोघं थेरपिस्टकडे जात होतो. तिथे शिकलेल्या दोन गोष्टी.

एक. मी म्हणायचो, “आय फील लाइक यू डोन्ट रिस्पेक्ट मी.” थेरपिस्ट दर वेळी थांबवायची. ही भावना नाही, हा आरोप आहे, नुसता ‘फील’चा सदरा घालून आलाय. ‘फील’नंतर ‘लाइक’ किंवा ‘दॅट’ आलं की समजायचं, पुढे मत येतंय. ‘इग्नोर्ड’, ‘अटॅक्ड’, ‘मॅनिप्युलेटेड’ हेही तसेच. ऐकायला भावना, पण आत ‘तू मला असं केलंस’ दडलेलं. त्याच्या खाली खणलं की लोनली, स्केअर्ड, हर्ट असा एखादा छोटा शब्द निघतो.

आता मराठीत बघा, आपण तर जन्मजात अडकलोय. ‘मला वाटतं’ म्हणजे आय थिंक आणि ‘मला वाटतं’ म्हणजे आय फीलसुद्धा! ‘मला भीती वाटते’ आणि ‘मला वाटतं तू बेजबाबदार आहेस’, क्रियापद एकच. त्यामुळे मराठी माणूस मत ठोकून देतो आणि वर म्हणतो, मी फक्त मला काय वाटतं ते सांगितलं. मी हे घरी करून बघितलंय, चालत नाही.

दोन. मला तिथे ‘आय वॉज अशेम्ड’ सहज म्हणता आलं. तेच मनात मराठीत म्हणून बघितलं, ‘मला माझी लाज वाटली’, तर घशात आवंढा. पुढे कळलं यावर अभ्यास आहेत. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी मागाहून शिकलेल्या लोकांना लहानपणी खाल्लेल्या दटावण्या दोन्ही भाषांत ऐकवल्या. तुर्कीत ऐकताना त्वचेवरची घामाची प्रतिक्रिया जास्त निघाली. २००३ चा अभ्यास आहे. आईच्या भाषेतलं ‘लाज नाही वाटत?’ हे कातडीला कळतं, इंग्रजीतलं फक्त कानाला.

म्हणून पाणवठा, तुमच्या बाई मराठी नाहीत हा तोटाच आहे असं समजू नका. इंग्रजी शब्द म्हणजे सांडशी. गरम पातेलं उतरवायला बरी.

---

कोयनाकाठ
१६ जुलै, सकाळी ९:३०

सांडशीने कोणी जेवत नाही पण.

---

सातासमुद्र
१६ जुलै, सकाळी ९:३४

तेही खरं.

---

एमबीबीएस_खेड्यातला
१६ जुलै, दुपारी ३:४०

वाशीम जिल्ह्यात १४ वर्षं दवाखाना चालवतो. माझ्याकडे ‘ॲन्झायटी’ कधीच येत नाही. ‘पोटात गोळा फिरते’, ‘जीव घाबरते’, ‘डोक्यात मुंग्या’, ‘छातीवर गोटा ठेवल्यावानी’, ‘अंगात जीव नाही’ हे येतं. सुरुवातीला मला वाटायचं यांना सांगता येत नाही. आता वाटतं, हे नेमकं सांगतात, मलाच फक्त पुस्तकातलं ऐकू यायचं. सोयाबीन पावसात भिजलं त्या आठवड्यात गोळ्याचे पेशंट वाढतात. गोळी द्यायच्या आधी मी विचारतो, “गोळा कधीपासून फिरते? तवा घरात काय चालू होतं?” निम्मी गोष्ट तिथे बाहेर येते.

एक सावधगिरी मात्र. छातीवर दगड असं कोणी म्हणालं की मी आधी ईसीजी काढतो, अलंकार नंतर बघतो.

---

पाणवठा
१६ जुलै, रात्री १०:२५

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं.

मनमोकळी ताईंचा बारीकपणाचा मुद्दा वाचला आणि डोक्यात ट्यूब पेटली, कारण हे तर मी रोज लोकांना ओरडून सांगतो. आमच्याकडे मशीन बिघडलं की ऑपरेटर ब्रेकडाऊन स्लिप भरतो. नवखा पोरगा लिहितो, ‘मशीन आवाज करते.’ बस. मी स्लिप घेऊन जातो, मशीन चालू करतो, काहीच ऐकू येत नाही, अर्धी शिफ्ट वाया. जुना ऑपरेटर आहे एक, रिटायरमेंटला आलेला. तो लिहितो, ‘स्पिंडल गरम झाल्यावर अर्ध्या तासाने शीळ येते, स्पीड कमी केल्यास खरखर.’ मी जागेवरून उठायच्या आधीच मला कळतं, बेअरिंग, बहुतेक ग्रीस सुकलंय, सोबत काय न्यायचं. शीळ वेगळी, खरखर वेगळी, ठकठक वेगळी. ठकठक असेल तर मशीन आधी बंद करायचं, प्रश्न नंतर.

म्हणजे गेले तीन महिने मी स्वतःची स्लिप ‘मशीन आवाज करते’ अशी भरतोय.

अजून एक, तुमच्यापैकी इंजिनिअर असतील त्यांना पटेल. आमच्याकडे ‘स्ट्रेस’ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला पडणारा जोर, आणि ‘स्ट्रेन’ म्हणजे त्या जोराने धातू मूळ लांबीच्या मानाने जितका ताणला तो फरक. दोन वेगळ्या गोष्टी. लोक ‘मला स्ट्रेस आहे’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा स्ट्रेन सांगत असतात. ‘फटीग’ तर त्याहून वाईट. पार्ट तुटायला मोठा दणका लागत नाही, सोसेल एवढाच भार लाख वेळा पडला की बारीक चीर जाते. वरून रंग चकाचक असतो.

आज चक्रावर नवीन खूण केली. कुठली ते नंतर सांगतो.

---

शब्दवेल्हाळ
१६ जुलै, रात्री ११:०२

वा! खरखर-शीळ वाचून माझाच धडा राहिला असं वाटलं. राहिलेलं एक त्रिकूट सांगते, कारण कामाच्या ठिकाणी हे लागतं. ‘एम्बॅरस्ड’ म्हणजे चारचौघांत ओशाळलो, पण उद्या हसून सांगता येईल. ‘अशेम्ड’ म्हणजे मी असा वागलो याचीच लाज. बघायला कोणी नसलं तरी. ‘ह्युमिलिएटेड’ म्हणजे दुसऱ्याने मला लोकांसमोर खाली केलं, आणि ते मला पटलेलं नाही. पहिल्यात गाल लाल, दुसऱ्यात मान खाली, तिसऱ्यात मुठी आवळलेल्या. मराठीत आपण ‘अपमान झाला’ म्हणतो, पण ती घटना झाली. आत काय झालं ते त्यात येत नाही.

आणि दोन शब्दयोगी. ‘डिसअपॉइंटेड विथ द रिझल्ट’ ठीक. मुलाला ‘डिसअपॉइंटेड इन यू’ म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा. तो ‘इन’ निकालावर थांबत नाही, पोराच्या आत जातो.

---

कोयनाकाठ
१७ जुलै, सकाळी ७:४५

नावं ठेवण्यावर बरंच झालं, ‘मॅनेज’वर कोणी बोलेना. इंग्रजीत भावना ‘रेग्युलेट’ करण्याच्या वाटांत ‘सप्रेस’ आणि ‘रीॲप्रेझ’ या दोन नीट वेगळ्या ठेवतात. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांचं काम यावरच आहे. चेहऱ्यावर काही दिसू न देता भावना दाबली तर बाहेरून माणूस शांत दिसतो, पण आतली भावना त्या मानाने कमी होत नाही आणि शरीर उलट जास्त राबतं. त्याच्या जागी प्रसंगाकडे वेगळ्या बाजूने बघता आलं तर भावनाच उतरते.

मी हे वाचताना मराठी शोधत होते. ‘नियमन’, ‘व्यवस्थापन’, छे. कारखान्याची पाटी वाटते. मग आजीच आठवली. कोणी रडायला लागलं की बाकीचे म्हणायचे, ‘आवर आता.’ ती म्हणायची, ‘सावर ग.’ एका अक्षराचा फरक. आवरायचं म्हणजे पसारा कपाटात कोंबायचा. सावरायचं म्हणजे पाय घसरलाय हे कबूल, आता तोल धरायचा.

---

मनमोकळी
१७ जुलै, सकाळी ९:१५

कोयनाकाठ, हे मी उद्यापासून वापरणार, परवानगी गृहीत धरते.

तुमच्यावरून आठवलं. जोडप्यांवर अनेक वर्षं अभ्यास करणारे सिअ‍ॅटलचे जॉन गॉटमन ‘स्टोनवॉलिंग’ म्हणतात, म्हणजे भांडणात माणूस एकदम भिंत होतो. याचं भाषांतर सर्रास ‘अबोला’ करतात, ते मला खटकतं. आपला अबोला धरलेला असतो, त्यात ‘आता तूच ये बोलायला’ ही मागणी असते, बऱ्याचदा रुसवाच. स्टोनवॉलिंगमध्ये माणूस आतून इतका भरून गेलेला असतो, छाती धडधडत असते, की त्याला ऐकूच येत नाही. रुसलेल्याची समजूत काढावी. भिंत झालेल्याला किमान २० मिनिटं एकटं सोडावं. आणि त्या वेळात ‘ती असं म्हणालीच कशी’ घोळवायचं नाही, नाहीतर २० मिनिटांनी भिंत अजून जाड.

---

जुनाखोड
१७ जुलै, सकाळी ११:०८

सौ. आणि मी १९८४ पासून याला ‘बाजारातून जाऊन येतो’ म्हणतो.

---

पाणवठा
१९ जुलै, रात्री १०:५०

धागा वर काढतोय. खूण ‘ह्युमिलिएटेड’वर केली होती.

मार्चमध्ये आमच्या इथे सेक्शन हेडची जागा निघाली. मला मिळणार असं सगळेच धरून चालले होते, मीही. मिळाली एका बाहेरून आलेल्याला, वय ३३. ते एक वेळ ठीक. पण जाहीर केलं सकाळच्या शॉपफ्लोअर मीटिंगमध्ये, माझ्या माणसांसमोर, मला आधी न सांगता, आणि वर मलाच टाळ्या वाजवायला पुढे बोलावलं. मी वाजवल्या. बाईंना हे इंग्रजीत सांगितलं, “आय वॉज ह्युमिलिएटेड, अँड देन आय वॉज अशेम्ड बिकॉज आय क्लॅप्ड.” वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं होतं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, आता हे घरी कोणाला माहीत आहे? कोणालाच नव्हतं.

काल रात्री जेवणं झाल्यावर बायकोला सांगितलं. मराठीत. सांडशी बाजूला ठेवून. जमलं तसं, तुटक तुटक. तिने ऐकून घेतलं. मग ओटा पुसता पुसता म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी मीठ बरोबर होतं?”

मी म्हटलं, “होतं.”

“आणि मी दीड महिना अळणी करतेय.”

---

ढवळाढवळ
१९ जुलै, रात्री १०:५८

आजची भाजी?

---

पाणवठा
१९ जुलै, रात्री ११:०१

मिठाला बरोबर. तिखट झाली होती. ॲनॉइड, इरिटेटेड नाही.